सोनोने बाईंची उत्तर दिशा

आमच्या शाळेत भर वर्गात "मले माहीत नाही" म्हणणाऱ्या सोनोने बाई एकट्याच. आम्ही बाकीचे शिक्षक असं कधी म्हणत नसू. मुलांनी अडचणीचा प्रश्न विचारला की कोणी त्यांना खाली बसवायचं, कोणी "ते पुढच्या वर्षी येईल" म्हणायचं, कोणी फळ्याकडे वळायचं. बाई मात्र हातातला खडू टेबलावर ठेवत, विचारणाऱ्याकडे नीट पाहत आणि म्हणत, "मले माहीत नाही. पाहून सांगीन." दोन-तीन दिवसांनी खरोखरच सांगत. कधी दोन-तीन महिन्यांनी. एकदा तर दहावी होऊन गेलेल्या एका मुलीला त्यांनी मेहकरच्या बसस्टँडवर गाठलं आणि तिनं आठवीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. मुलगी प्रश्नच विसरली होती. बसमध्ये चढता चढता ती "हो बाई, हो बाई" करत राहिली.

बाई भूगोल शिकवत, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या वीस-बावीस वर्षं शेजारी होत्या. उंच, हडकुळ्या, खांदे जरा पुढे झुकलेले, उजव्या हाताच्या तर्जनीला कायम पेन्सिलीचं शिसं लागलेलं. लग्न केलं नव्हतं. मेहकरात दोन खोल्यांत एकट्या राहत आणि दर रविवारी अमडापूरला आईकडे जात. दुसऱ्याचं बोलणं ऐकताना त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "कोणत्या दिशेले?" एकदा आमच्या शिपायाची सायकल बाजारातून चोरीला गेली. तो रडवेला होऊन सांगत होता आणि बाई विचारत होत्या, "तुमचं तोंड तवा कोणत्या दिशेले होतं?" सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

रोज सकाळी सव्वादहाला, प्रार्थनेच्या आधी, बाई शाळेच्या गच्चीवर जात. तिथं एका मोडक्या खुर्चीला सुतळीनं बांधलेली जुनी दुर्बीण होती. दुर्बिणीतून सूर्याकडे कोणी पाहायचं नाही, हा नियम. त्याला अपवाद नव्हता. दुर्बिणीतून आलेला सूर्य मागं धरलेल्या पांढऱ्या कागदावर पडायचा, वाटीएवढा, कडेला किंचित थरथरणारा. त्यावर असलेले डाग बाई पेन्सिलीनं टिपून घेत. कधी मसुरीच्या दाण्याएवढा एखादा, कधी खसखस सांडल्यासारखे पुष्कळ. काही वर्षं अशी आली की महिनोन्महिने एकही डाग नव्हता. तेव्हाही बाई रोज वर्तुळ काढत आणि खाली वेळ लिहून ठेवत. रिकाम्या वर्तुळांची एक अख्खी वही मी पाहिली आहे. मी म्हटलं, "हे कशाला काढायचं? काहीच तर नाहीये."

"नाही हे बी लिवून ठेवा लागते," बाई म्हणाल्या. "नाहीतर मंग कोणी बी म्हणन, तवा होतं."

त्यांचा राग मी दोनदा पाहिला. पहिला, सनाच्या वेळी. सना सहावीतली मुलगी. ती एका सकाळी उशिरा आली आणि वर्गशिक्षकांना म्हणाली, मी रस्त्यात तीन सूर्य पाहत थांबले होते. सरांनी तिला खोटं बोलते म्हणून दाराबाहेर उभं केलं. बाई तिथून जात होत्या. त्यांनी तिला गच्चीवर नेलं. आभाळात पातळ पांढरे ढग होते, सूर्य आता एकच होता. बाईंनी तिला हात लांब करायला लावला. "मधल्या सूर्यापासून बाजूचे किती लांब होते? बोटानं मोज. दोन्ही बाजूले सारखेच? रंग कसा?" सना हळूहळू बोलायला लागली. एक वीत अंतर, आतल्या बाजूनं लालसर, मग पांढरं. बाईंनी सगळं लिहून घेतलं. मग खाली येऊन त्या सरांना म्हणाल्या, "असं दिसते. उंच ढगात बर्फाचे कण असले की दिसते. पोरगी खरी हाये. तिची माफी मागा."

सर हसले. "बाई, सहावीच्या पोरीची माफी मागू?"

"हो."

"अन् नाही मागितली तर?"

"तर ती आता आयुष्यात तुमाले काही सांगनार नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका कापत होता की सरांचं हसू गेलं. माफी त्यांनी मागितली की नाही मला ठाऊक नाही, पण सनाला वर्गात घेतलं.

दुसऱ्या वेळी तपासणीला एक अधिकारी आले होते. त्यांनी नववीच्या वर्गात विचारलं, "ध्रुवीय प्रकाश कुठं दिसतो?" एका मुलीनं खणखणीत उत्तर दिलं, ध्रुवांजवळच्या प्रदेशात. "भारतात दिसतो का?" "नाही, सर." "शाब्बास."

मागं उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "साहेब, हे अर्धं उत्तर हाये."

"पुस्तकात असंच आहे, बाई."

"हो. पुस्तकातच अर्धं हाये."

मुख्याध्यापक रुमालानं मान पुसायला लागले. अधिकारी माणूस वाईट नव्हता. त्यानं सहज विचारलं, "तुम्ही पाहिलाय का कधी भारतातून?"

बाईंनी शेजारच्या बाकाची कड धरली. "मी नाही," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

बाई पहिल्यापासून अशा नव्हत्या. मी नोकरीला लागले तेव्हा त्या अगदी वेगळ्या होत्या. पाठांतर पक्कं, उत्तर तोंडावर. "पुस्तकात लिवलेलं हाये" हे त्यांचं शेवटचं वाक्य असायचं. मुलं त्यांना घाबरत. हा बदल मी डोळ्यांनी पाहिला, कारण त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसले होते. बुलडाण्याला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. दुपारी एक व्याख्याते सूर्यावर बोलले. सूर्यावर डाग येतात, तिथून मोठ्या ज्वाला उसळतात, कधी कधी त्यासोबत विद्युतभारित कणांचा ढग सुटतो आणि दोन-तीन दिवसांत पृथ्वीपाशी येतो. मग ध्रुवांकडे आभाळात रंग दिसतात. ढग फार जोराचा असेल तर हे रंग ध्रुवांपासून पुष्कळ खाली, नेहमी न दिसणाऱ्या देशांतूनही दिसतात.

बाई उभ्या राहिल्या. "भारतातून?"

"एखाद्या वेळी. अगदी उत्तरेला, लडाखकडे. तिथं क्षितिजालगत लाल दिसू शकतं. अशक्य नाही."

बाई खाली बसल्या नाहीत. तशाच दाराबाहेर गेल्या. मी मागं गेले तर त्या व्हरांड्यात भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या आणि तोंडाला पदर लावलेला होता. मला वाटलं, चक्कर आली. पाणी दिलं. प्यायल्या नाहीत. परतीच्या बसमध्ये चिखली मागं पडल्यावर त्यांनी आपणहून बोलायला सुरुवात केली. माझ्याकडे न पाहता, समोरच्या सीटच्या दांडीकडे पाहत.

त्यांना एक धाकटा भाऊ होता, दिलीप. डोझर चालवायचा. एका ठेकेदाराबरोबर लडाखमध्ये रस्त्याच्या कामाला गेला होता. हंगाम संपवून घरी आला तेव्हा एकच गोष्ट सगळ्यांना सांगत सुटला. तिकडं एकदा उत्तरेकडचं आभाळ लाल झालं होतं. आग नव्हती, पहाट नव्हती, डोंगरामागून लाल उजेड वर आला, बराच वेळ राहिला आणि विझला. गावानं त्याची थट्टा केली. थंडीत काय पीत होता रे, असं विचारलं. एके दिवशी तुळशीरामच्या पिठाच्या चक्कीपुढं पाच-पंधरा माणसं होती. बाई रविवारच्या म्हणून गावात आलेल्या, दळण घेऊन तिथं उभ्या होत्या. तुळशीराम म्हणाला, "आपल्या गावची भूगोलाची बाईच हाये ना इथी. तिलेच इचारा. काहो बाई, असं असते काय?"

"दिलीपनं माह्याकडं पाह्यलं," बाई म्हणाल्या. "हसून राह्यला होता. त्याले वाटलं, ताई हाये आता."

"मग?"

"मी म्हटलं, नाही. भारतातून तसं दिसत नाही. पुस्तकात लिवलेलं हाये."

सगळे हसले. दिलीपही त्यांच्याबरोबर हसला, असं बाई म्हणाल्या. मग चार महिने तो घरी होता. बहिणीशी सगळं बोलायचा, पण आभाळाचा विषय पुन्हा काढला नाही. परत जाताना बाई त्याला गाडीत बसवायला गेल्या आणि म्हणाल्या, तिथं पुन्हा काही दिसलं तर लिहून पाठव. दिलीप म्हणाला, "आभाळाचं राहू दे, ताई. तू शिकेल हायेस. तुलेच माहीत." त्यात टोमणा नव्हता. खरंच तसं मानून तो म्हणाला.

त्याच हंगामात दरड कोसळली. मशीनसकट खाली गेला.

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी तो काढून घेतला नाही, पण हात लाकडासारखा होता. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी ती जुनी दुर्बीण कुठूनशी आणली.

नंतर मला कळत गेलं की बाई मागचंही शोधत होत्या. दिलीप तिकडं होता त्या वर्षी सूर्य कसा होता, हे त्यांनी मासिकांतून, पत्रं लिहून, पुढे मोबाइल आल्यावर मोबाइलवरून जमवलं. त्या वर्षी सूर्य खवळलेला होता. एवढं कळलं, पण तेवढ्यानं भागत नव्हतं. त्यांना कोणीतरी लडाखमधून तेच पाहिलेलं हवं होतं. डागांचा मोठा पुंजका सूर्याच्या मध्यावर आला, मोठी ज्वाला उसळली अशी बातमी आली, की दोन दिवस बाईंचं लक्ष कशात लागत नसे. संध्याकाळी त्या घराच्या गच्चीवर उत्तरेकडे तोंड करून उभ्या राहत. मी एकदा सोबत होते. समोर पाण्याच्या टाक्या, मोबाइलचा टॉवर, त्यापलीकडे अंधारत जाणारी शेतं.

"इथून दिसेल?" मी विचारलं.

"इथून कायले दिसते? आपण लय खाली हाओत."

"मग उभ्या का राहता?"

त्यांची नजर उत्तरेवरून हलली नाही. मग म्हणाल्या, "जोशी मॅडम, दिसत नाही असं मी एकदा न पाहता म्हटलं. आता पाहून म्हणतो."

मला त्या गच्चीवर तेव्हा थंडी वाजली, दिवस उन्हाळ्याचे असूनही. बाई एकट्या उभ्या आहेत असं वाटत नव्हतं. त्या मधूनच मान डावीकडे किंचित वळवत, शेजारी कोणी काही म्हटल्यासारखी. मी होते उजवीकडे.

निवृत्तीनंतरही वर्तुळं चालूच राहिली, फक्त शाळेच्या गच्चीऐवजी घराच्या. अशी किती तरी वर्षं गेल्यावर, एका मे महिन्यात, बाईंनी मला मुद्दाम बोलावून कागद दाखवला. सूर्याच्या वर्तुळात एक डागांचा लांबलचक पुंजका होता. तसला मी त्यांच्या कुठल्याच वहीत पाहिला नव्हता. "या एका पुंजक्यात आपल्या किती पृथ्व्या मावतीन," बाई म्हणाल्या. त्यांनी तो कागद दोन्ही हातांनी धरला होता.

दोन-तीन दिवसांनी सकाळी माझ्या मोबाइलवर फोटो आला. लडाखमधलं आभाळ. काळ्या डोंगरांची रांग आणि तिच्यावर लाल, जास्वंदीसारखं लाल. खाली बातमी होती. मी चप्पल अडकवून तशीच बाईंकडे गेले. त्यांनीही पाहिला होता. त्या ओट्यावर बसल्या होत्या, साडी नेसून तयार, पिशवी हातात.

"अमडापूरला जातो," म्हणाल्या. "येता?"

बाईंनी बसभर मोबाइल हातातच ठेवला. उतरल्यावर घरी न जाता थेट चक्कीकडे निघाल्या. चक्की आता मुलगा चालवत होता. तुळशीराम बाहेर खाटेवर बसलेला, म्हातारा झालेला, कानानं जरा कमी. बाईंनी मोबाइल त्याच्यापुढं धरला.

"तुळशीरामदादा, हे पाहा. लडाखचं आभाळ हाये. आपला दिलीप सांगत होता तेच."

म्हाताऱ्यानं फोटो पाहिला. "चांगलं हाये," म्हणाला. "कोन दिलीप?"

"माहा भाऊ. डोझरवाला. इथीच तुमी मले विचारलं होतं, असं असते काय म्हणून."

"मी?" तो विचार करायला लागला. मुलाकडे पाहिलं. मुलानं मान हलवली. "नाही बाप्पा, मले नाही आठवत. दिलीप म्हंजे तो दरडीत गेला तो? भला पोरगा होता. पन आभाळाचं काय?"

बाईंनी सगळं पुन्हा सांगितलं. चक्कीवर दळायला आलेल्या दोन बायाही ऐकत होत्या. कोणालाच काही आठवत नव्हतं. तुळशीराम सज्जनपणे म्हणाला, "हसलो असन आमी, बाई. कोनावर बी हसत होतो तवा. तुमी मनावर नका घेऊ."

इतकी वर्षं बाई ज्या पाच-पंधरा माणसांपुढं साक्ष द्यायला निघाल्या होत्या, त्यांतलं फारसं कोणी उरलंच नव्हतं. जे उरले होते त्यांच्याकडे तो दिवसच नव्हता. बाईंनी मोबाइल पिशवीत ठेवला. रस्त्यानं चालताना मी त्यांचा दंड धरला, कारण त्या मधोमध चालत होत्या आणि मागून ट्रॅक्टर येत होता.

घरी आई सूप घेऊन तूर पाखडत होती. ऐंशीच्या पुढची, डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं. बाई तिच्यापुढं खाली बसल्या. "माय, दिलीपचं आभाळ खरं होतं. काल लोकायनं पाह्यलं. फोटो आला."

आईनं मोबाइल डोळ्यांशी नेला, लांब धरला, परत दिला. "मले नाही दिसत. डोंगरापाशी लय लाल, अन् वरतं वरतं फिकं होत गेलेलं हाये ना?"

बाईंनी फोटोकडे पाहिलं. तसंच होतं. "तुले कसं माहीत?"

"त्यानंच सांगतलं होतं. चुलीपाशी बसला की तेच. चार महिने रोज सांगे."

"रोज?"

"हाव. मशीन बंद केलं, म्हने, अन् पाहत बसलो. थंडीनं हात बधिर झाले तरी उठलो नाही, म्हने."

"अन् तुनं खरं मानलं?"

आई सूप थांबवून बाईंकडे वळली. "तो पाहून आलता ना, विमल. त्याच्यात मानायचं काय हाये?"

बाईंचा आवाज फार बारीक झाला. "मंग मले इतक्या वर्षात काऊन नाही सांगतलं, माय?"

"तुनं इचारलंच नाही," आई म्हणाली, आणि पुन्हा पाखडू लागली.

बाई रडल्या नाहीत. त्या उठून दारात जाऊन उभ्या राहिल्या, दुपारच्या लख्ख उन्हात, आमच्याकडे पाठ करून. मग परत आल्या, आईपुढं बसल्या आणि म्हणाल्या, "काय काय सांगे तो? पहिल्यापासून सांग." आई सांगत राहिली. काही दोनदा सांगितलं, काही मधेच विसरली. शेवटची बस निघायची वेळ झाली तेव्हा बाई म्हणाल्या, तुम्ही जा, मी राहतो.

मला वाटलं, आता तरी बाईंना शांतता मिळेल. महिन्याभरानं गेले तर गच्चीवरची खुर्ची घडी करून जिन्याखाली ठेवलेली होती. वह्या एका पोत्यात. मी विचारलं, "सूर्य बंद?"

"हो."

"का?"

"दिसू शकते, एवढं झालं सिद्ध. त्याले दिसलं होतं, हे मायले पहिलेच माहीत होतं. मंग मी कोणासाठी काढू?" मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "वर्तुळ काढताना तो बाजूले उभा राहे, मॅडम. फोटो आला त्या दिवसापासून येत नाही." चहा झाला. निघताना त्यांनी मला दारापर्यंत सोडलं आणि दिवा न लावता आत गेल्या.

पुढच्या पावसाळ्यात बाई गेल्या. चार दिवसांचं दुखणं. आई त्यांच्यामागं आहे अजून. मी तेव्हा मुलीकडे होते, पोचू शकले नाही. त्यामुळे मला आठवतं ते त्याच्या तीन-चार महिने आधीचं, फाल्गुनातलं. मी चिखलीहून बसनं येत होते. अमडापूरच्या अलीकडे रस्ता रुंद करायचं काम चालू होतं, एक बाजू बंद, गाड्यांची रांग. खिडकीतून पाहिलं तर रस्त्याच्या कडेला, खोदलेल्या लाल मातीच्या ढिगाऱ्याशेजारी बाई उभ्या होत्या. डोझर थांबलेला होता, इंजिन धडधडत होतं. चालक खाली उतरून त्यांच्यासमोर उभा होता, डोक्याला रुमाल बांधलेला, पन्नाशीचा कोणी परका माणूस. बाईंनी काहीतरी विचारलं. तो बोलायला लागला. हातवारे करत, लांब कुठल्या तरी घाटाची उंची दाखवत, खाली दरी दाखवत, पुष्कळ वेळ बोलत राहिला. बाई उन्हात डोळे बारीक करून ऐकत होत्या आणि दर थोड्या वेळानं मान हलवत होत्या.

मी काच सरकवून हाक मारली. मशीनच्या आवाजात ती पोचली नाही. आमच्या बाजूची वाट मोकळी झाली, ड्रायव्हरनं गाडी काढली, आणि धुरळ्यात मला दिसलं ते एवढंच, की तो माणूस बोलायचा थांबला होता आणि बाई त्याला अजून काहीतरी विचारत होत्या.